कोणाशी बोललो म्हणून सांगू?

सोमवारी ऑफिसला गेलं की चहाबरोबर माझं पहिलं काम म्हणजे शनिवार-रविवारचे चॅट वाचून काढणं. आमची पंपांची कंपनी, भोसरीत, सबमर्सिबल आणि मोनोब्लॉक, गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी, आणि मी सर्व्हिसला. व्हॉट्सअ‍ॅपवर एआयवाला असिस्टंट बसवल्यापासून रात्रीबेरात्री कोण काय विचारतं आणि तो काय उत्तर देतो हे कुणीतरी बघायला हवं, ते माझ्या गळ्यात पडलंय. बहुतेक चॅट कंटाळवाणे असतात. पण एक असा वाचला की डोक्यातून जाईना. सांगोल्याकडचा माणूस, मध्यरात्र उलटलेली. शेतीची थ्री फेज लाईट त्या आठवड्यात रात्रपाळीची, म्हणून बिचारा विहिरीवर, आणि मोटर नुसती हुंकार देतीये, उचलत नाहीये. बॉटनं एकेक विचारलं, स्टार्टर लगेच बंद करा, परत परत दाबू नका, पेटीतले तिन्ही दिवे लागलेत का बघा. माणसानं बघून लिहिलं, एक मिणमिणतोय. म्हणजे एक फेज गेलेला. बॉट म्हणाला, फेज येईपर्यंत चालू करू नका, वाइंडिंग जळेल. एकदम बरोबर. आमच्यातलं कुणी जागं असतं तर हेच बोललं असतं. त्यावर त्या माणसानं लिहिलं, "बरं. कोणाशी बोललो म्हणून सांगू?"

बॉट म्हणाला, मी कंपनीचा व्हर्च्युअल असिस्टंट आहे, आणखी काही मदत हवी आहे का. माणूस म्हणाला, "ते कळलं की. नाव काय?" बॉटनं परत तेच, थोडं जास्त गोड करून. मग माणसाचा शेवटचा मेसेज, "उद्या मोटर जळाली तर कोणाचं नाव घेऊ." त्यावर बॉटनं पाच स्टारवालं काय ते पाठवलं, अनुभव कसा वाटला वगैरे. उत्तर नाही. डॅशबोर्डवर ही तक्रार हिरव्या रंगात, सोडवली म्हणून.

आणि ती सुटली होतीच ना, हाच तर वांधा.

तो माणूस वेडा नव्हता, त्याला मशीनशी बोलतोय हे पक्कं माहीत होतं. त्याला हवं होतं ते वेगळंच. आपल्याकडे कुठंही काम अडलं की पहिलं काय विचारतात, कोण म्हणालं असं? तहसीलला, बँकेत, गॅरेजमध्ये, शाळेच्या ऑफिसात, सगळीकडे "अमक्या साहेबांनी सांगितलंय" हे अर्धं काम असतं. आणि आमच्या धंद्यात तर याला रोख पैशाची किंमत आहे, कारण मोटर जळून आली की पहिला प्रश्न वॉरंटीचा. एक फेज नसताना चालवली, लो व्होल्टेजला चालवली, कपॅसिटर लावून दोन फेजवर पळवली (हे सगळे करतात, आणि सगळे नाही म्हणतात) तर वॉरंटी गेली. मग शेतकरी आणि डीलर आणि आमचा सर्व्हिसवाला अशी तिघांची जुंपते आणि त्यात एकच गोष्ट चालते, "तुमच्याच माणसानं सांगितलं होतं चालू कर म्हणून, तारीख अमुक, नाव अमुक". वहीत लिहून ठेवलेलं असतं हो. कॅलेंडरच्या मागं, खताच्या पावतीवर. ते नाव म्हणजे त्याचा विमा, आणि बॉटनं त्याला अख्खं उत्तर दिलं पण तेवढं दिलं नाही.

हे फक्त सांगोल्यात घडतं असंही नाही. एअर कॅनडाची केस खूप गाजली होती. एकाची आजी वारली, तो तिकिटाला निघाला, कंपनीच्या वेबसाईटवरच्या चॅटबॉटनं सांगितलं की आत्ता पूर्ण भाड्यानं काढा, दुःखद प्रसंगाची सवलत 90 दिवसांच्या आत अर्ज करून मागून मिळेल. नंतर मागायला गेला तर कंपनी म्हणाली असा नियमच नाही, आणि पुढं जे म्हणाली ते वाचून मी दोन मिनिटं गप्पच बसले, म्हणजे बॉट हा जणू स्वतंत्र कुणीतरी आहे, तो काय बोलला त्याला तोच जबाबदार. ब्रिटिश कोलंबियाच्या ट्रायब्युनलनं फेब्रुवारी 2024 मध्ये हे उडवून लावलं आणि आठशेच्या वर कॅनडियन डॉलर द्यायला लावले. रक्कम फुटकळ आहे. पण तो सांगोलेकर रात्री विहिरीवर उभा राहून जे विचारत होता तेच तिथं कोर्टासारख्या ठिकाणी विचारलं गेलं की नाही?

आता बॉट आणायच्या वेळची गंमत सांगते. विकायला जो मुलगा आला होता, फॉर्मल शर्ट, लॅपटॉपवर ढीगभर स्टिकर, त्यानं क्लार्नाची स्लाइड दाखवली होती. ही स्वीडनची, आत्ता घ्या नंतर फेडा वाली कंपनी. तिनं 2024 च्या सुरुवातीला जाहीर केलं की आमचा एआय पहिल्याच महिन्यात 23 लाख चॅट हाताळतोय, 700 माणसांचं काम करतोय, आणि 11 मिनिटांची तक्रार 2 मिनिटांच्या आत संपतीये. आमचे डायरेक्टर साहेब 700 या आकड्याकडे असे बघत होते की मला समोरच्या खुर्चीत बसवेना. आमचं अख्खं डिपार्टमेंट त्यात एका कोपऱ्यात मावलं असतं. पुढं 2025 मध्ये त्याच क्लार्नाचा प्रमुख बोलला की खर्चावर जरा जास्तच भर दिला, क्वालिटी घसरली, आता माणसं परत घेतोय, गिऱ्हाईकाला वाटलं तर माणूस मिळायलाच हवा. ती बातमी मी साहेबांना फॉरवर्ड केली. दोन निळ्या टिका आल्या, बाकी काही नाही.

माझी मावसबहीण मेलबर्नला असते, तिनं त्याच वर्षी तिकडच्या कॉमनवेल्थ बँकेचं पाठवलं. व्हॉइस बॉट आलाय, फोन कमी झालेत, म्हणून 45 जण कमी करतो, असं बँक म्हणाली. युनियननं हिशोब मागितला तर निघालं भलतंच, फोन वाढतच होते, ओव्हरटाइम चालू होता, टीम लीडरसुद्धा फोन उचलत बसले होते. ऑगस्टमध्ये बँकेनं माफी मागून निर्णय फिरवला. यात मला एआय चांगला की वाईट यापेक्षा हे जास्त बोचलं की फोन कमी झाले का वाढले हे फोनवर बसलेल्यांना कुणी विचारलंच नाही. आमच्याकडेही कुठं विचारलं होतं.

आमच्याकडे ज्यांना विचारायला हवं होतं ते म्हणजे मामा. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल, डीलर, शेतकरी, वॉचमन सगळ्यांसाठी ते मामाच. आधी वाइंडिंगला होते, मग टेस्टिंगला, गुडघे गेल्यावर सर्व्हिसच्या फोनवर. मामांची पद्धत म्हणजे "फोन पाईपाजवळ धर". पलीकडून नुसता घुंईं असा आवाज येतो, मला सगळे सारखेच वाटतात, मामा डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात बुश गेलाय, किंवा पाणी खाली गेलंय रे बाबा, हवा ओढतीये, बंद कर. आणि फोन ठेवायच्या आधी "मामा बोलतोय म्हणून सांग डीलरला". बॉट शिकवायचा म्हणून एक टीम आली आणि मामांना म्हणाली, तुम्ही कसं ओळखता ते सांगा, आम्ही लिहून घेतो. मामांनी चहा मागवला, गप्पा मारल्या, गावच्या जत्रेचं सांगितलं, दुपार झाली तरी लिहून घेण्यासारखं एक वाक्य दिलं नाही. नंतर मला कॅन्टीनमध्ये म्हणाले, "सगळं त्याला शिकवलं की मी कशाला लागतोय मग?" त्यात राग नव्हता, साधा हिशोब होता.

तो हिशोब चुकीचा नाहीच. अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या 5,000 च्या वर कस्टमर सपोर्टवाल्यांवर अभ्यास केला होता, 2023 ला पहिल्यांदा बाहेर आला, त्यात एआय माणसाच्या जागी नव्हता, माणसाच्या स्क्रीनवर होता, असं बोल तसं बोल म्हणून सुचवणारा. काम सरासरी 14 टक्क्यांनी वाढलं, पण नवख्यांचं 34 टक्क्यांनी आणि मुरलेल्यांचं जवळपास काहीच नाही. कारण उघड आहे, तो मुरलेल्यांच्याच बोलण्यावरून शिकला आणि नवख्यांना वाटत सुटला. म्हणजे मामांचं कसब काढून काल लागलेल्या पोराला दिलं, पोराचा इन्सेंटिव्ह वाढला, मामांना काय मिळालं? याचं उत्तर त्या टीमकडे नव्हतं म्हणून मामांनी जत्रा सांगितली. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, गिऱ्हाईकं नीट बोलायला लागली आणि मला साहेबाशी बोलायचंय म्हणणं कमी झालं. पलीकडे माणूसच होता ना पण. कानात एआय असलेला माणूस लोकांना चालतोय, हे माझ्या दृष्टीनं त्या आकड्यांपेक्षा मोठं.

हे सगळं मी घरी बाबांसमोर बोलत बसले तर ते हसायला लागले. बाबा बँकेतून रिटायर झाले, सरकारी बँक, कारकून म्हणून लागले. त्यांच्या तरुणपणी युनियनचा कॉम्प्युटरला कडक विरोध, गेटवर सभा, पोस्टरं. मग 1983 चा करार, 1987 चा, 1993 चा, प्रत्येक वेळी कुठली मशीन कुठल्या कामाला, किती शाखांत, चालवणाऱ्याला भत्ता काय, हे एकेक कलम भांडून भांडून ठरलेलं. मधे 1984 मध्ये बँकांत कॉम्प्युटर आणण्याबद्दलचा रंगराजन समितीचा रिपोर्ट आला तोही याच सगळ्या ओढाताणीत. आपण आता म्हणतो युनियनवाल्यांनी देश मागं नेला, असेलही थोडंफार, दहावीस वर्षं लोक लाइनीत उभे राहिले हे खरंच आहे. पण बाबांचं म्हणणं असं की लेजर पोस्टिंगची ती मशीन, एएलपीएम म्हणायचे, ती शाखेत आली तेव्हा तिला हात लावायला भत्ता मिळत होता म्हणून कालपर्यंत मुर्दाबाद म्हणणारेच अर्ज घेऊन रांगेत पुढं. बाबाही. त्यांना मी चिडवलं तर म्हणाले, "अगं मुर्दाबाद मशीनला नव्हतं, न विचारता आणायला होतं." हे त्यांनी नंतर रचलंय की तेव्हाच वाटत होतं कोण जाणे.

मग त्यांनी पासबुकाचं सांगितलं. छापील एंट्री आली तेव्हा म्हातारी माणसं, विशेषतः पेन्शनर, काउंटरवरून हलेचनात. अक्षर सुबक, बेरीज बरोबर, तरी पासबुक पुढं सरकवून म्हणायचे, साहेब इथं छोटी सही करा. बाबांना संताप यायचा, मशीननं छापलेलं, मी बघितलेलंही नाही, सही माझी का? पण करायचे. हेडऑफिसनं सांगितलं करू नका, तरी करायचे, कारण दोन मिनिटांची कटकट त्या सहीनं मिटायची आणि पुढच्या वेळी तोच म्हातारा बरोबर बाबांच्याच खिडकीवर यायचा. "मग चुकलं तर?" मी विचारलं. "चुकलं तर माझ्याच बोकांडी," बाबा म्हणाले, "म्हणून मग मी बघून करायला लागलो."

हे ऐकलं आणि मला आमच्या बॉटची सगळी भानगड एकदम दिसली, कारण तोपर्यंत आमच्याकडे नावावरून महाभारत सुरू झालं होतं. मी तो सांगोल्याचा चॅट मीटिंगमध्ये वाचून दाखवला होता. मार्केटिंगवाले म्हणाले, सोपं आहे, बॉटला नाव देऊ. दिलं, गौरी. साडीतलं हसरं चित्र पण. पंधरवड्यात डीलर लोक गौरी मॅडम कुठल्या, गौरी मॅडमना लाइनवर घ्या, गौरी मॅडम सांगली साइडला व्हिजिटला कधी येणार असं विचारायला लागले, आणि ती कुणी नाहीच हे कळल्यावर एकजण इतका दुखावला की आमचे पंप ठेवणं बंद करतो म्हणाला. तसं बघायला गेलं तर खोट्या नावाचं आपल्याला वावडं नाही, माझे कॉलेजचे मित्र कल्याणीनगरला कॉल सेंटरमध्ये अमेरिकन लोकांसाठी रात्ररात्र माइक आणि सॅम होऊन बसायचेच की. पण माइक खोटा असला तरी पलीकडे एक जांभया देणारा माणूस होता, शिव्या खायला, आणि कधीकधी नियम वाकवून काम करून द्यायला पण. गौरीला दोन्ही येत नव्हतं. गौरी गेली.

मग ठरलं, प्रत्येक चॅटच्या शेवटी टोकन नंबर आणि आमच्यातल्या एकाचं खरं नाव, सकाळी जो ड्युटीवर असेल त्याचं. गिऱ्हाईक खूश. आणि डिपार्टमेंट पेटलं. रात्री दोन वाजता मी घरी झोपलेली असताना मशीन काहीतरी बरळणार आणि खाली माझं नाव? कुणी म्हणालं मी सही करणार नाही, कुणी म्हणालं लेखी द्या. साहेबांना कळेना, त्यांच्या मते ही नुसती एक ओळ होती. मला दोन्ही बाजू पटत होत्या, त्यामुळे माझी पंचाईत. शेतकऱ्याला नाव पाहिजे कारण त्याशिवाय त्याच्या हातात काहीच नाही, आणि आमच्या पोरांना नाव द्यायचं नाही कारण मशीन चुकलं की खापर नावावर फुटणार, मशीनवर नाही.

खरं सांगायचं तर पोरांना बॉट नकोच होता असंही नाही. फोनवरच्या मुलीच सगळ्यात आधी म्हणाल्या की राहू दे तो. कारण शिव्या. मोटर बंद, पीक वाळतंय, माणूस चिडणारच, पण आईबहिणीवरून ऐकून घ्यायचं आणि वर "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत" म्हणायचं, हे दिवसभर. आता पहिला भडका बॉटवर निघतो, मुलीकडे येईपर्यंत माणूस निम्मा निवलेला असतो. जपानमध्ये सॉफ्टबँक नावाच्या टेलिकॉम कंपनीनं 2024 मध्ये सांगितलं होतं की चिडलेल्या गिऱ्हाईकाचा आवाज मऊ करून ऐकवणारा एआय बनवतोय, शब्द तेच, फक्त धार काढलेली. टोकियोत तर गिऱ्हाईकाच्या अशा त्रासाविरुद्ध एप्रिल 2025 पासून नियमच लागू झालाय. मी हे आमच्या मुलींना सांगितलं तर एक म्हणाली, "मॅडम, आवाज राहू दे, शब्दच काढायचं मशीन आणा." दुसरी म्हणाली, नको, खरंच किती चिडलाय ते कळलं पाहिजे, नाहीतर गाडी आज पाठवायची का परवा हे कसं ठरवणार. यावर त्यांचं आपापसात जुंपलं.

तर आमच्याकडे शेवटी जे झालं ते कुणाच्या प्रेझेंटेशनमध्ये नव्हतं. नाव द्यायचं तर बघून देणार, बाबांच्या पासबुकासारखं. रात्री दोघं जण बसणार, उत्तर बॉट लिहिणार पण मोटर "चालू करा" असं सांगणारं आणि वॉरंटीबद्दल काहीही बोलणारं उत्तर माणसानं बघितल्याशिवाय जाणार नाही, आणि खाली त्याच माणसाचं नाव. बाकी पार्टचा भाव, डीलरचा पत्ता, बिलाची कॉपी, ते बॉटनं एकट्यानं करावं, त्याला कुणी नाव विचारतही नाही. कुठल्या गोष्टीवर बॉटनं तोंड उघडायचं नाही ती यादी मामांनी करायची असं ठरलं, आणि गंमत म्हणजे जे मामा त्या टीमला जत्रा सांगत बसले होते त्यांनी दोन दिवसांत पानंच्या पानं भरून दिली. "सांगता येत नाही असं काय काय आहे, ते तरी मलाच विचारलं," म्हणाले. यादीच्या वर त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव, आडनावासकट, ठळक अक्षरात लिहिलंय, तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांना ते पहिल्यांदा कळलं.

विक्रीवाला मुलगा परत आला होता, म्हणाला यानं तुमचा सगळा फायदाच निघून जातो, माणूस बसवायचा तर एआय कशाला. साहेब पहिल्यांदाच आमच्या बाजूनं बोलले, म्हणाले रात्री आधी कुणीच नव्हतं, आता दोघांत काम होतंय, आधी करायचं म्हटलं असतं तर आठ लागले असते. मुलगा वहीत काहीतरी लिहून गेला, पुढच्या कंपनीत बहुतेक आमचीच स्लाइड दाखवेल. दोघांपैकी एक बारामतीचा पोरगा आहे, नवा, आणि सहा महिन्यांत बराच तयार झालाय, अडलं की सकाळी मामांना आवाजाची रेकॉर्डिंग ऐकवतो. फक्त रात्रपाळीचा भत्ता अजून ठरलेला नाही. एचआर म्हणतंय रात्री काम मुख्यतः सिस्टीम करते, म्हणून अर्धा देऊ. पोरगं म्हणतंय नाव अर्धं छापा मग.